सावली कोणत्या हेडखाली बसते?

सरकारी किंवा अनुदानित शाळेत चार वर्षं काढलेल्या माणसाला 'हेड' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खडू कोणत्या हेडमधून आणले, विजेचं बिल कोणत्या हेडला टाकलं, टाकीचा नळ कोणत्या हेडमधून बदलला, हे सगळं ऑडिटच्या वेळी दाखवावं लागतं. पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे असले तर हेड सापडतं. प्रवेशद्वाराची कमान, भिंतींची रंगरंगोटी, डिजिटल वर्ग, सगळ्याला हेड आहे. पण मुलांच्या डोक्यावर सावली हवी, पायाखाली माती हवी असं म्हटलं की मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे पाहतात. सावली कोणत्या हेडखाली बसते?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या गेल्या. म्हणजे मुलं जवळजवळ संपूर्ण एप्रिल शाळेत. सकाळची शाळा केली तरी सुटायच्या वेळेला ऊन चढलेलं असतं. सिमेंटचे ब्लॉक घातलेलं पटांगण तोपर्यंत तव्यासारखं तापतं. मधल्या सुट्टीत मुलं भिंतीच्या कडेला, जिथे हातभर सावली असेल तिथे दाटीवाटीनं बसतात. पटांगण रिकामं. आपण ज्याला खेळाचं मैदान म्हणतो, ते वर्षातले काही महिने फक्त राष्ट्रगीतापुरतं उरतं.

जूचंद्रच्या माणसाला अंगणाची किंमत मी काय सांगणार? हे रांगोळी कलाकारांचं गाव. इथले कलाकार जे काढतात ते पाहायला दूरदूरहून लोक येतात. रांगोळी कागदावर येत नाही, तिला अंगण लागतं. एका बाजूला चंडिकादेवीची टेकडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाडी, मध्ये आगरी वस्ती, भातशेती आणि अंगणं, अशी या गावाची जुनी रचना. आता नायगाव पूर्वेला टॉवर उभे राहिले. मुंबईतल्या दाटीतून निघून परवडणारं घर शोधत इथे आलेली कुटुंबं वाढली, त्यात आपली मुस्लिम कुटुंबंही आली. नव्या कॉम्प्लेक्समध्ये बाग असते, पण ती गेटच्या आत, तिथल्या रहिवाशांसाठी. चाळीतल्या, बैठ्या घरातल्या, भाड्याच्या एका खोलीतल्या मुलाला ती बाग फक्त कुंपणाच्या जाळीतून दिसते. त्याच्या हक्काची, पैसे न मागणारी, नाव-गाव न विचारणारी एकच मोकळी जागा उरली आहे, ती म्हणजे शाळेचं पटांगण. आणि तेही पाच वाजता कुलूपबंद होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शाळेचं पटांगण हिरवं करणं ही शोभेची गोष्ट समजायची सोडून आपण तिला पाण्याच्या नळासारखी, शौचालयासारखी मूलभूत सोय मानली पाहिजे. तिच्यासाठी कायमची तरतूद हवी, आणि ते पटांगण शाळा सुटल्यावर मोहल्ल्यासाठी उघडलं पाहिजे. पैसा अजिबात नाही असं नाही. तो पाच-सहा खिशांत विखुरलेला आहे, आणि ते खिसे एकमेकांशी बोलत नाहीत.

ही कल्पना परदेशातून उचललेली आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यावं. १९४५ साली ताराबाई मोडकांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायला जावं लागे, लहान भावंडं सांभाळावी लागत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, तिथून अंगणवाडी आली. शाळाच गुरांमागे कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणाल्या. पानं, बिया, खडे, माती हेच शैक्षणिक साहित्य. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली आली, त्याच्या कितीतरी आधी हे इथे घडत होतं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या तसबिरी आपण लावल्या, पण त्यांचं अंगण मात्र सिमेंटनं झाकून टाकलं.

हिरवं पटांगण म्हणजे काय, हेही स्पष्ट करायला हवं. नाहीतर चार कुंड्या आणि एक हिरवळीचा तुकडा, त्यावर 'गवतावर पाय ठेवू नये' अशी पाटी, हेच डोळ्यांसमोर येतं. ज्या बागेत मूल शिरू शकत नाही ती शाळेच्या कामाची नाही. हिरव्या पटांगणात चार गोष्टी लागतात. एक, सावली देणारी मोठी झाडं, आणि त्यांच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर उघडी माती. बुंध्याला सिमेंटनं आवळलेलं झाड जगत नाही, जगलं तर वादळात आडवं होतं. दिल्लीत तर २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला झाडांभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढा असा आदेश द्यावा लागला. दोन, पळायला-खेळायला मातीचं मोकळं मैदान. तीन, एका कडेला परसबाग, जिथे मूल पेरतं, पाणी घालतं, तोडतं आणि तेच दुपारच्या खिचडीत खातं. चार, पावसाचं पाणी जिरवणारा खोलगट भाग किंवा शोषखड्डा. हे सगळं दोन-तीन गुंठ्यांतही बसतं.

झाडंही इथलीच हवीत. खाडीकाठच्या खारवट जमिनीला करंज, भेंड आणि नारळ चालतात. टेकडीच्या बाजूला जांभूळ, बकुळ, बहावा, ताम्हण. कडेला शेवगा आणि कढीपत्ता. जागा मोठी असेल तर एखादा वड किंवा उंबर. गुलमोहर दिसायला छान, पण फांदी ठिसूळ, मुलांच्या डोक्यावर नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असलं पाहिजे याची यादी आहे: प्रत्येक शिक्षकाला वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय, खेळाचं साहित्य. मैदान आहे, पण त्यावर एक झाड असावं असं कुठेही नाही. तपासणीला येणारा अधिकारी मैदानासमोर 'होय' अशी खूण करतो आणि पुढे जातो. ते मैदान एप्रिलमध्ये वापरता येतं का, हा रकानाच नाही. यादीत नसलेल्या गोष्टीला हेड मिळत नाही, आणि हेड नसलेली गोष्ट यादीत येत नाही. असं हे चक्र आहे.

तरीही सध्या जे आहे ते मोजून पाहू. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांना पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. १०१ ते २५० मुलांच्या शाळेला कमाल ५० हजार, २५१ ते १००० मुलांच्या शाळेला ७५ हजार. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी. पण याच पैशातून वीज, पाणी, स्टेशनरी, दुरुस्ती सगळं भागवायचं असतं. याशिवाय युवा व इको क्लबसाठी प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिकला १५ हजार, माध्यमिकला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे. पोषण आहार योजनेत, जिला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात, परसबागेसाठी शाळेमागे सरासरी ५ हजार धरले आहेत. म्हणजे २०० मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेत फक्त हिरव्या कामासाठी म्हणता येतील असे जास्तीत जास्त २० हजार रुपये, मुलामागे वर्षाला १०० रुपये. आणि हे 'पर्यंत' आहे. कागदावरची तरतूद आणि शाळेच्या खात्यात पडलेली रक्कम यांतला फरक कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा, ते चहा मागवून सांगतील.

दुसरीकडे बक्षिसाचा पैसा आहे. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभर 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान झालं. राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस होतं. परसबागेच्या जिल्हावार स्पर्धाही होतात. स्पर्धेला माझा विरोध नाही, शिक्षकांना त्यातून हुरूप येतो. पण बक्षीस शेवटी त्याच शाळेला मिळतं जिच्याकडे आधीच जागा आहे, पाणी आहे, दाता आहे. भाड्याच्या इमारतीत दोन पाळ्यांत चालणारी शाळा स्पर्धेत उतरतच नाही. ५१ लाखांत ५१ शाळांना एकेक लाख देता आले असते. आधी सगळ्यांना पायाभूत रक्कम, मग वर बक्षीस, हा क्रम हवा.

वृक्षारोपणाच्या मोहिमांचंही असंच. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपं लावण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. २०२१ मध्ये या लागवडीची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. मग 'एक पेड माँ के नाम' आलं. शाळेत रोप येतं, आईसोबत फोटो निघतो, फोटो अपलोड होतो. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप. खड्डा जुना, फोटो नवा. दोष मुलांचा नाही आणि शिक्षकांचाही नाही. मोजणी लावलेल्या रोपांची होते, जगलेल्या झाडांची होत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, याला हेड नाही.

आता आपल्या भागाची खास अडचण. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. पण तिच्या हद्दीतल्या मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती प्राथमिक शाळा पुढे कित्येक वर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. आधी ठाणे, आणि १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाल्यावर पालघर. हस्तांतराची नुसती चर्चा होत राहिली. याचा परिणाम असा की गाव शहरात गेलं म्हणून रोजगार हमीतून खड्डे खणून घेता येत नाहीत, कारण ती योजना ग्रामीण भागासाठी. ग्रामपंचायत उरली नाही, म्हणून तिचा वित्त आयोगाचा निधी नाही. आणि शाळा महापालिकेची नाही, म्हणून महापालिकेचं उद्यान खातं म्हणतं, आमची जागा नाही. कर महापालिकेला, शाळा जिल्हा परिषदेची, आणि ऊन मात्र मुलांचं.

पण महापालिकेला हात झटकता येणार नाहीत, याची दोन कारणं आहेत. पहिलं, झाडांचा कायदा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असतं, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, आणि मालमत्ता करासोबत वृक्ष कर घेता येतो. हा पैसा झाडांसाठीच असतो. शाळेच्या कुंपणाआतलं झाड शहराच्या झाडांत धरलं जात असेल, तर त्याच्या पाण्याचा खर्चही शहरानं का धरू नये? दुसरं, हवा. पंधराव्या वित्त आयोगानं दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना हवा सुधारण्यासाठी वेगळा निधी दिला, त्यात वसई-विरार आहे. हवेच्या निधीतून धूळ बसवणारी यंत्रं आणि फवारे येतात. धुळीनं भरलेल्या रस्त्याच्या कडेला शाळा असेल, तर तिथे झाडांची दाट रांग उभी करणं हेही हवेचंच काम आहे.

तिसरं कारण मी मुद्दाम वेगळं काढते, कारण पैशाचं कुलूप त्यानेच उघडेल असं मला वाटतं. ते म्हणजे पाणी. जुलै २०१८ वसईकर विसरले नसतील. दिवसेंदिवस पाणी ओसरलं नाही, नालासोपाऱ्याला रेल्वे ठप्प झाली, वीज गेली, मिठागरावरची वस्ती पाण्यात अडकली. त्यानंतर महापालिकेनं निरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांची समिती नेमली, धारण तलावांची चर्चा झाली. मोठे तलाव हवेतच. पण साधं गणित करून पाहा. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या पटांगणावर हंगामात १० लाख लिटर पाणी पडतं. पेव्हर आणि काँक्रीट असेल तर त्यातलं बहुतेक गटारात जातं आणि गटार रस्त्यावर येतं. माती, झाडं आणि शोषखड्डा असेल तर त्यातलं बरंच जमिनीत मुरतं, उरलेलं सावकाश बाहेर पडतं. एका शाळेनं पूर थांबणार नाही. शंभर शाळांनी, त्यांच्या शेजारच्या मशिदी, मंदिरं, चर्च यांच्या आवारांनी हे केलं तर नाल्यावरचा भार नक्की कमी होईल. मग हा खर्च शिक्षणाचा राहत नाही, तो पूरनियंत्रणाचाही होतो.

जगात हे याच वाटेनं झालं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात आणि न्यूयॉर्कमध्ये डांबरी शाळापटांगणं उखडून हिरवी केली गेली, त्यात पाणी आणि सांडपाणी खात्यांनी पैसा घातला. कारण त्यांचा हिशोब सरळ होता: जमिनीखाली मोठे पाइप टाकण्यापेक्षा वरची जमीन पाणी पिणारी केली तर तो पैसा वाया जात नाही. पॅरिसनं २०१८ पासून 'ओॲसिस' पटांगणं सुरू केली. त्या शहरात शाळांची पटांगणं मिळून ७० हेक्टरांच्या वर होतात आणि बहुतेक डांबराखाली होती. त्यांनी डांबर काढलं, झाडं लावली, आराखडा करताना मुलांना विचारलं, आणि काही पटांगणं शनिवारी मोहल्ल्यासाठी उघडली. पैसा शहराचा, काही पाणी संस्थेचा, काही युरोपीय संघाचा. एकाच खात्यावर कुणी विसंबलं नाही.

मोहल्ल्यासाठी उघडायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला आक्षेप येतो: संध्याकाळी पोरं पत्ते कुटतील, दारूच्या बाटल्या पडतील, नळ चोरीला जातील, आणि सकाळी उत्तर मुख्याध्यापकांनाच द्यावं लागेल. ही भीती खोटी नाही. शिक्षकावर आणखी एक जबाबदारी टाकून हे होणार नाही. पण कुलूप लावूनही बाटल्या पडतातच, भिंतीवरून टाकल्या जातात. ज्या जागेवर संध्याकाळी आया मुलांना घेऊन बसलेल्या असतात, म्हातारी माणसं फेऱ्या मारतात, तिथे पत्त्यांचा डाव फार वेळ टिकत नाही. ठरावीक वेळ, ठरावीक दार, मानधनावर एक राखणदार आणि वर्गखोल्यांना वेगळं कुलूप, एवढं केलं तर निम्मी भीती जाते.

आणि या उघड्या दाराची सर्वांत जास्त गरज कुणाला आहे? आपल्या मुलींना. मुलगी बारा वर्षांची झाली की तिचं बाहेर खेळणं बंद होतं. रस्त्यावर नको, नाक्यावर नको, गच्चीवर नको. घर एका खोलीचं. मग ती उन्हाळ्याची सुट्टी मोबाइल आणि मोरी यांच्यामध्ये काढते. तिच्या आईला डॉक्टरनं साखर आहे म्हणून चालायला सांगितलेलं असतं, पण चालणार कुठे? बुरखा घालून हायवेच्या कडेला? शाळा ही एकच जागा अशी आहे जिथे मुलीला पाठवायला बाप आढेवेढे घेत नाही. तीच जागा संध्याकाळी दोन तास बायका-मुलींसाठी उघडली, तर जे भाषणांनी होत नाही ते एका बाकानं आणि करंजाच्या सावलीनं होईल. तिथे आगरी वहिनी येईल, वसईची ख्रिस्ती ताई येईल, उत्तरेकडून आलेली भाभी येईल. एकमेकींच्या घरी न जाणाऱ्या बायका मुलांच्या झोक्याशेजारी बोलायला लागतात. आजच्या दिवसांत ही छोटी गोष्ट नाही.

आता आपल्या समाजाशी थेट बोलते. आपल्या बऱ्याच उर्दू शाळा खाजगी संस्थांच्या आहेत, त्यांना सरकारी शाळांचं अनुदान मिळत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थी ७० टक्क्यांवर असलेल्या शाळांसाठी राज्याची पायाभूत सुविधांची योजना आहे, पण तीही खोल्या, पाणी, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा यांच्याभोवती फिरते. म्हणून आपल्याला सरकारकडे मागावं लागेल आणि स्वतःही द्यावं लागेल. देण्याची सवय आपल्याला आहे. रमजानमध्ये एकेका मोहल्ल्यातून किती चंदा निघतो हे आपण जाणतो. जकात इथे वापरा असं मी म्हणत नाही. जकातीचे आठ हकदार कुरआनात ठरलेले आहेत, त्यात बाग बसवायचा खटाटोप नको. पण सदका आहे, वक्फ आहे. झाड लावलं आणि त्यातून माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं तर ते लावणाऱ्याचा सदका होतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या मुलांना तोंडपाठ असते. सदका-ए-जारिया म्हटलं की आपल्याला मशिदीचा पंखा आणि पाण्याचा कूलर आठवतो. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली. पाणी पिणाऱ्याला तू कोण असं तिथे विचारलं जात नव्हतं. आणि आपल्या इतिहासातली पहिली मोठी शाळा कुठे भरली? मस्जिद-ए-नबवीच्या आवारात, सुफ्फा नावाच्या सावलीच्या ओट्यावर. इमारत नंतर आली, सावली आधी होती.

एक करण्यासारखं काम तर उद्यापासून होण्यासारखं आहे. मशिदीच्या वुजूखान्याचं पाणी दिवसातून पाच वेळा गटारात जातं. शाळेत दुपारच्या जेवणाआधी-नंतर शंभर-दोनशे मुलं हात आणि ताटं धुतात, तेही गटारात. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हे पाणी सोनं आहे. एक पाइप, एक वाळू-खडीचा गाळणीचा खड्डा, आणि दोन्ही पाणी झाडांकडे. आपल्या कोकणपट्टीत पहिले दोन-तीन उन्हाळे काढले की देशी झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहतं.

आणखी एक आक्षेप माझ्याच पेशातून येतो आणि तो मी हलका मानत नाही. शिक्षकांच्या जागा रिक्त, छत गळतंय, आणि तुम्ही झाडांचं काय घेऊन बसलात? शिक्षक आधी हवेत, यात वाद नाही. पण शिक्षकाच्या पगाराचं हेड वेगळं आणि पटांगणाचं वेगळं. पेव्हर ब्लॉक न घातल्यानं रिक्त जागा वाढणार नाही. प्रश्न पैसा वाढवण्याचा नंतर येतो. पटांगणावर आमदार-खासदार निधीतून जे काँक्रीट पडतं, त्याच रकमेत माती, झाड आणि शोषखड्डा मागणं हा पहिला टप्पा. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. आपण कमान मागतो, म्हणून कमान मिळते. त्यातली कोणती कामं नियमात बसतात हे विचारून मागायला हवं.

कंपन्यांचा सीएसआर पैसाही आहे. पण तो कायद्यानं लागू होतो ५ कोटी निव्वळ नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी निव्वळ मालमत्ता यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला. वसई पूर्वेचे बहुतेक कारखाने लहान गाळ्यांतले आहेत, त्यांना तो लागू नाही. म्हणून गाळेवाल्याकडे दोन टक्के मागण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे वेल्डिंग केलेले ट्री गार्ड मागा, जुने पिंप मागा, तो खुशीनं देईल. आणि मोठ्या कंपनीकडे जाल तेव्हा रोपांचे पैसे मागू नका, रोप स्वस्त आहे. तीन वर्षांच्या राखणदाराचा आणि पाण्याचा पगार मागा. झाड पैशाअभावी मरत नाही, मे महिन्यातल्या माणसाअभावी मरतं.

हे सगळे खिसे एका जागी आणणारी कायदेशीर सोय आपल्याकडे आधीच आहे. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा करायचं काम तिचंच आहे. बऱ्याच ठिकाणी पालक येतात, सही करतात, वडापाव खातात आणि जातात. तीच समिती एका बैठकीत ठराव करू शकते: आमच्या पटांगणाच्या इतक्या भागात सिमेंट नको. इतकी झाडं, इतका शोषखड्डा, इतक्या वेळेला मोहल्ल्यासाठी दार उघडं, आणि वर्षाला देखभालीला इतके रुपये. ठराव लिहिलेला असला की मुख्याध्यापकाच्या हाती कागद येतो, आणि सरकारी दरबारात कागदाशिवाय काही हलत नाही. त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला, एक आमदारांच्या कार्यालयाला द्यावी.

आणि शासनाकडे मागणी एकच असावी, साधी आणि मोजता येणारी. शाळेच्या तपासणी तक्त्यात एक रकाना वाढवा: एप्रिलच्या दुपारी बारा वाजता पटांगणाचा किती भाग सावलीत आहे? लावलेली रोपं मोजू नका, फोटो मागू नका. सावली मोजा, पावलांनी मोजली तरी चालेल, पाचवीची मुलं भूमितीच्या तासाला मोजून देतील. ज्या दिवशी तो रकाना येईल, त्या दिवशी सावलीला आपोआप हेड मिळेल. जून जवळ आला की शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक लागते. सूचनेच्या कागदावर विषय क्रमांक किती, हे बघायला पालक म्हणून या बैठकीला जा.